राणीच्या कपाळावरचा डाग

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, की जपानी नटांची जुनी छापील चित्रं म्हणजे नेमकं काय. मी चार ओळींत उत्तर उरकलं : काबुकी नाटकातले नट, लाकडी ठसे, एदो म्हणजे आजचं टोकिओ, नाव ‘याकुशा-ए’, याकुशा म्हणजे नट, ए म्हणजे चित्र. विषय संपला असं मला वाटलं. पण एकट्या बडोद्यातूनच सात पत्रं आली, शिवाय इंदूर-ग्वाल्हेरची वेगळी. एरवी माझ्याकडे येणारे प्रश्न ठरलेले. पत्रिकेला वाळवी लागली, सनदेच्या घडीवर चीर गेली, आजीच्या फोटोला बुरशी आली. ती मंडळी या महिन्यात थोडं थांबतील.

प्रश्न : ताई, आमच्या दिवाणखान्यात आजेसासऱ्यांच्या वेळेपासून एका जपानी राणीचं चित्र आहे. पंधरा बाय दहा इंच, काळ्या फ्रेमीत. आजेसासरे खानगी खात्यात कारकून होते; महाराजांनी जपानहून आणलेलं चित्र त्यांना बक्षीस मिळालं, असं घरात सांगतात. राणीच्या कपाळावर, केसांना लागून, नखाएवढा मळकट डाग आहे. ओल्या कापसाने पुसला तर निघेल का? नणंद म्हणते, लिंबू लाव.
— दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी कापूस खाली ठेवा. लिंबू सरबतात पिळा.

तुमचं घर माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून तुम्हाला फोन करून चित्र मागवलं आणि शनिवारी दोन तास खिडकीशी बसून भिंगाखाली पाहिलं. तर तो डाग नाही. ती राणी नाही. आणि हे नणंदबाईंना पाटावर बसवून, हातात पाण्याचा पेला देऊन मग सांगा : ती बाईही नाही.

गोष्ट अशी, की काबुकी सुरू केलं एका बाईनेच. इझुमो नो ओकुनी तिचं नाव. १६०३ च्या सुमाराला क्योतोच्या नदीच्या कोरड्या पात्रात ती नाचली आणि लोक वेडे झाले. पुढे नाचणाऱ्यांच्या पायी प्रेक्षकांत मारामाऱ्या होऊ लागल्या, रंगमंच आणि कोठा यांतली भिंत पातळ झाली, तेव्हा सरकारने १६२९ मध्ये बायकांना रंगमंचावरून हटवलं. त्यांच्या जागी कोवळी पोरं आली. मग पोरांच्या पायी मारामाऱ्या. १६५२ मध्ये त्यांनाही बंदी. पुन्हा परवानगी मिळाली ती अशा अटीवर, की पोरांच्या कपाळावरची झुलपं भादरायची. त्या काळी तरुणाचं सगळं रूप त्या झुलपांत असे. बाईची भूमिका करणाऱ्या नटाच्या कपाळावर आता भादरलेली जागा दिसू लागली. ती झाकायला त्याने जांभळ्या रेशमाचा तुकडा लावला. पुढे उत्तम टोप आले, झाकायचं कारण उरलं नाही, पण तुकडा राहिला. इतका, की तोच सौंदर्याचं लक्षण झाला. चित्रकार तो आवर्जून काढू लागले. स्त्री-भूमिका करणाऱ्या नटाला ‘ओन्नागाता’ म्हणतात, आणि चित्रातली बाई खरी की ओन्नागाता हे बघायचं तर नजर आधी कपाळावर न्यावी.

आता तुम्ही म्हणाल, जांभळा कुठे आहे, हा तर चहा सांडल्यासारखा दिसतो. बरोबर. त्या काळचा जांभळा बहुधा दोन रंगांच्या मिश्रणाचा असे : करडईच्या फुलांचा कुसुंबी आणि ‘त्सुयुकुसा’ नावाच्या निळ्या फुलाचा रस. हे फूल आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणाशी उगवणाऱ्या केन्याच्या जातीचं. दोन्ही रंग उजेडाला भारी हळवे. तुमच्या दिवाणखान्यातल्या पश्चिमेच्या खिडकीने इतक्या वर्षांत त्यांचा राखाडी-तपकिरी करून टाकला. पण फ्रेमीच्या पट्टीखाली बाहीची जी दोन सुतं दबून राहिली होती ती पट्टी जरा सरकवल्यावर तुम्हीच पाहिलीत. वांग्याच्या सालीसारखा रंग! तुमच्या तोंडून ‘अगंबाई’ निघालं ते मी ऐकलं.

राहिला प्रश्न, हा नट कोण. बाहीवर वर्तुळात तीन पंखे आहेत. ती इवाई हानशिरो या घराण्याची खूण. नटांची घराणी असत, नाव वारशाने चाले, पाचवा हानशिरो, सहावा हानशिरो असं. सही ‘कुनिसादा’ची आहे, आणि तिच्याजवळ एक लहानसं गोल शिक्कामोर्तब आहे, ‘किवामे’ म्हणजे तपासून मंजूर. छापण्याआधी मजकूर सरकारमान्य करून घ्यावा लागे. हा एकटा गोल शिक्का साधारण १७९१ ते १८४२ याच काळात चालला. कुनिसादाचा जन्म १७८६ चा. म्हणजे हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस-बेचाळीस वर्षांतलं. आणि त्यातल्या बऱ्याच काळात ते नाव पाचव्या हानशिरोकडे होतं. त्याच्या डोळ्यांना लोक ‘हजार मोहरांचे डोळे’ म्हणत. तुमच्या चित्रातले डोळे अजून शाबूत आहेत.

महाराजांचं म्हणाल तर सयाजीराव १९१० मध्ये जपानला गेले होते हे खरं. पण या कागदावर तसं सांगणारं काही नाही, आणि ते गेले तेव्हा चित्र निदान अडुसष्ट वर्षांचं होतं. बडोद्यातल्या निम्म्या जुन्या वस्तू महाराजांनी बक्षीस दिलेल्या असतात. माझ्या माहेरचा अडकित्तासुद्धा.

किंमत मी सांगत नसते, ही या सदराची जुनी अट. एवढंच सांगते, की कुनिसादाने आयुष्यभरात काढलेली चित्रं वीस हजारांच्या घरात मोजतात. दुर्मीळ वस्तू सापडली अशा थाटात सराफाकडे जाऊ नका.

प्रश्न : बाई, तुमचं उत्तर वाचून बालगंधर्व आठवले. आमच्या आईने त्यांना पाहिलं होतं. आपल्याकडच्या स्त्रीपार्टी नटांची अशी चित्रं का झाली नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, रावपुरा

उत्तर : गुरुजी, बडोद्याच्या माणसाने आधी भाऊराव कोल्हटकरांचं नाव घ्यायला हवं होतं! १८६३ मध्ये याच गावात जन्मले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यांना इथून उचललं आणि ‘सौभद्रा’तली सुभद्रा त्यांच्या गळ्यात गेली. पण तुमचा प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे संगीत नाटक बहरात आलं तोवर फोटोचा स्टुडिओ गावोगाव पोचला होता. बालगंधर्वांचे शालू-नथीतले फोटो घरोघरी होते, ते काम कॅमेऱ्याने केलं. एदोत नाटक आधी, कॅमेरा दीडशे-दोनशे वर्षांनी. शिवाय आपल्याकडे स्वस्त रंगीत चित्र आलं ते शिळाछापावर, आणि त्यावर देव बसले. रविवर्म्यांची लक्ष्मी-सरस्वती माजघरात गेली. नट बाहेर राहिला. त्यांच्याकडे मात्र त्या स्वस्त रंगीत कागदावर नट आणि गणिका बसल्या.

बाकी साम्य पाहिलं तर हसू येतं. गंधर्व ज्या तऱ्हेने पातळ नेसत, गजरा माळत, त्या तऱ्हेची नक्कल घरंदाज बायका करत, हे तुमच्या आईंनीही सांगितलं असेल. एदोत दुसऱ्या सेगावा किकुनोजोने एक तपकिरी रंग रंगमंचावर नेसला, तर त्या रंगाला त्याच्या टोपणनावावरून ‘रोको-चा’ म्हणू लागले आणि शहरातल्या बायका त्या रंगाच्या मागे लागल्या. सानोगावा इचिमात्सु नावाच्या नटाने चौकड्याचा घोळदार पायजमा घातला. त्या चौकड्याला जपानीत आजही ‘इचिमात्सु’च म्हणतात. टोकिओ ऑलिंपिकच्या चिन्हात तो निळा-पांढरा चौकडा होता, तो या नटाचा. कपडे पुरुषाचे असोत की बाईचे, ही चित्रं म्हणजे कापडबाजारातली ताज्या चालीची जाहिरातही होती.

एक फरक मात्र मला मोठा वाटतो. योशिझावा आयामे नावाचा फार जुना ओन्नागाता (१७२९ मध्ये वारला) आपल्या शिष्यांना सांगे, की रंगपटातसुद्धा बाईसारखं वागा, डबा उघडाल तो नायकाच्या डोळ्यांआड. आपले गंधर्व पडदा पडला की नारायणराव होत. कुणाचं बरोबर, हे ठरवायला मी नाटकवाली नाही.

प्रश्न : चित्रातल्या नटाचा एक डोळा तिरळा का दाखवतात? मुलं घाबरतात.
— अलकापुरी, वडोदरा

उत्तर : तो आजारी नाही, ‘मिए’ घेतोय. प्रसंग टोकाला आला की नट पाय रोवून, मान एक हिसडा देऊन थिजतो, बाजूला लाकडी ठोकळे फळीवर खडखडतात, आणि एक डोळा समोर ठेवून दुसरा नाकाशी आणतो. इचिकावा दान्जुरो घराण्याची ही खास मिरास. आपण ‘वन्स मोअर’ ओरडायचो. तिथे त्या क्षणी प्रेक्षक घराण्याचं नाव ओरडतात, ‘नारिताया!’ चित्रकाराला हाच क्षण सोयीचा, कारण नट स्वतःच चित्र होऊन उभा राहिलेला असतो. मुलांना आरशासमोर करून बघायला सांगा. भीती जाईल, डोकं दुखेल.

प्रश्न : मी फाइन आर्ट्समध्ये दुसऱ्या वर्षाला आहे. नटांची चित्रं काढणाऱ्यांत शाराकू हा सगळ्यांत मोठा होता, तर त्याने दहा महिन्यांत काम का सोडलं? तो कोण होता?
— प्रतापगंज, वडोदरा

उत्तर : तू ‘सगळ्यांत मोठा’ लिहिलंस आणि मला तुझ्या वयाची मी आठवले. आम्ही ग्राफिक्सच्या खोलीत त्याचं एक छापील चित्र पुस्तकातून फाडून भिंतीला लावलं होतं. पुस्तक ग्रंथालयाचं होतं. ते पान अजून माझ्याकडे आहे, आणि दंडही अजून माझ्याकडेच.

जे ठाऊक आहे ते इतकं. १७९४ चा पाचवा महिना. त्सुताया जुझाबुरो नावाचा प्रकाशक, धंद्यात मुरलेला, एका अनोळखी माणसाची अठ्ठावीस मोठ्या चेहऱ्यांची चित्रं एका दमात बाजारात आणतो. मागे काळसर अभ्रकाची चकाकी, म्हणजे खर्चिक काम. नवख्यावर कुणी इतका पैसा लावत नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत एकूण दीडशेच्या जवळपास चित्रं येतात आणि माणूस गायब. तो बहुधा साइतो जुरोबेई, आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला ‘नो’ नावाच्या जपानी नाट्यप्रकारातला नट, हे मत आज सगळ्यांत जास्त धरलं जातं. मला ते पटतं, कारण नटाचा चेहरा आतून कसा ताणला जातो हे त्याला कळतं.

का टिकला नाही, याचं उत्तर त्याच्या जवळच्याच काळातल्या एका टिपणात आहे : खरं काढायच्या नादात त्याने नको तेही काढलं, म्हणून चाललं नाही. यात सगळं आलं. तिसरा सेगावा किकुनोजो तेव्हा चाळिशी ओलांडलेला, आणि रंगमंचावर सुंदर स्त्री. इतर चित्रकार स्त्री काढत. शाराकूने तो जाड जबडा तसाच काढला आणि त्याच्यावर नाजूक केशरचना ठेवली. त्या चित्रात बाई आणि बुवा दोघं एकाच वेळी दिसतात. आज आपण वाहवा करतो. पण ज्या बाईने नटाच्या प्रेमात पडून चार नाणी मोजायची, तिला घरी जबडा न्यायचा नव्हता. त्याच महिन्यांत तरुण तोयोकुनी उभ्या आकृतींची मालिका काढत होता, रुबाबदार, आणि पुढे बाजार त्याच्याच घराण्याचा झाला. दांडिया बाजारचं चित्र ज्याचं, तो कुनिसादा या तोयोकुनीचाच चेला.

आता तुझ्या भिंतीवरही असणार ते चित्र : तिसरा ओतानी ओनिजी, एदोबेई नावाच्या दांडगट नोकराच्या भूमिकेत, पैसे लुबाडायला निघालेला. मान पुढे, ओठ आत ओढलेले, अंगरख्यातून दोन पंजे बाहेर. शिक्षक सांगतील, हात मुद्दाम लहान काढले, त्याने ताण वाढतो. असेल. मला चाळीस वर्षं वाटत आलंय, की हात चुकलेत. बाहीतून येण्याऐवजी छातीतून आल्यासारखे दिसतात. आणि हात चुकूनही ते चित्र हलत नाही. तू आधी ते हात स्वतः काढून बघ. मग मला पत्र लिही.

आणि एक : शाराकूच्या आधीही चेहरे काढले जात होते. तोरी घराण्याच्या जुन्या चित्रांत सगळे नट एकाच साच्याचे, भोपळ्यासारख्या पोटऱ्या आणि गांडुळासारखी वळवळती रेघ. कोण कोण ते कपड्यावरच्या खुणेवरून ओळखायचं. कात्सुकावा शुन्शोने १७६० नंतर ज्याला त्याला ज्याचं त्याचं नाक दिलं. १७७० मध्ये त्याने बुन्चो नावाच्या चित्रकाराबरोबर काढलेल्या पुस्तकात पंख्यांच्या आकारात नटांचे चेहरे आहेत. शाराकू शिकायचा तर आधी शुन्शो बघ. तुम्ही मुलं शेवटचं पान आधी वाचता.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही ‘चित्रकाराने छापलेली’ असं लिहिलंत. आमचा धंदा कापडावर ठसे मारायचा. आमच्यात जो काढतो तो कोरत नाही, जो कोरतो तो मारत नाही. तिथे एकच माणूस सगळं करायचा का?
— वाडी, वडोदरा

उत्तर : पकडलंत. चूक माझी. चित्रकार फक्त काळ्या रेघांचं चित्र पातळ कागदावर काढून देई. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि पैसा लावून बाजार ओळखणारा प्रकाशक चौथा. सही एकाची, हात तिघांचे, जोखीम चौथ्याची. चित्रकाराने काढलेला मूळ कागद तर उरतही नसे. तो पालथा घालून फळीवर चिकटवायचा आणि त्याच्यासकट कोरायचं. म्हणून ‘मूळ चित्र कुठे आहे’ हा प्रश्न या कामात चालतच नाही. फळीवरून उतरलेला प्रत्येक कागद मूळच.

तुम्हाला आवडेल असा फरक सांगते. तुमचे पेथापूरचे ठसे सागाचे, हातात मावतील असे. तुम्ही ठसा उचलून कापडावर आणता. तिथे फळी रानचेरीची, चित्राएवढी मोठी, जागेवर स्थिर. कागद उचलून फळीवर आणतात आणि पाठीवरून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने घासतात. तिला ‘बारेन’ म्हणतात. दाबयंत्र नाही, मुठीचा नि खांद्याचा जोर. रंग घासून कागदात उतरतो, म्हणून खऱ्या चित्राची पाठ उलटून पाहिली तर रंग मागेही झिरपलेला दिसतो, आणि बारेनच्या फेऱ्यांच्या खुणाही. यंत्रावरची नक्कल भिंगाखाली धरली की ठिपके-ठिपके दिसतात, जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. दांडिया बाजारच्या चित्रात ठिपके नाहीत. पाठ अजून पाहायची आहे, त्याबद्दल शेवटी.

दहा रंग म्हणजे बऱ्याचदा दहा कोरीव पृष्ठं. ती एकावर एक नेमकी बसायची कशी? फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच, आणि त्याच कडेला थोडं पुढे एक सरळ खाच. कागदाचा कोपरा पहिलीत, कड दुसरीत. ‘केंतो’ म्हणतात तिला. १७६५ च्या सुमाराला बहुरंगी छपाई उभी राहिली ती या दोन खाचांच्या भरवशावर. तुम्ही ठशाच्या कोपऱ्याला खिळा ठेवता, तीच युक्ती.

एक घाणा दोनशे कागदांचा धरत. खपलं तर पुन्हा घाणा. चांगलं चाललेल्या चित्राच्या शेवटच्या प्रतींत केसांच्या बारीक रेघा झिजून जाड झालेल्या असतात. कपाळाशी जिथे केस सुरू होतात तिथे बघायचं, तिथे कोरणाऱ्याचा सगळा कस लागलेला असतो. दांडिया बाजारच्या हानशिरोचे केस मधल्या घाण्यातले असावेत. फार तलवारीच्या धारेचे नाहीत, फार बोथटही नाहीत.

प्रश्न : माझ्या दिवंगत यजमानांनी परदेशातून एक जपानी चित्र आणलं होतं. फिकट निळ्या कपड्यांतला तरुण, हातात जपमाळ, बाजूला बरीच अक्षरं. नातू म्हणाला, हे मेलेल्या नटाचं चित्र आहे. घरात लावणं अशुभ तर नाही?
— ग्वाल्हेर

उत्तर : नातू हुशार आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून ते ‘शिनि-ए’ दिसतं, म्हणजे नट गेल्यावर काढलेलं स्मरणचित्र. फिकट निळे कपडे आणि जपमाळ ही त्याची खूण. बाजूच्या अक्षरांत बहुधा मृत्यूची तारीख, वय, मरणोत्तर नाव आणि देवळाचं नाव असतं. ही घाईने निघत. बातमी शहरात पोचते न पोचते तोच चित्र दुकानात.

सगळ्यांत जास्त निघाली ती आठव्या दान्जुरोची. १८५४ मध्ये ओसाकाला प्रयोगासाठी गेला आणि तिथेच त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय त्यांच्या हिशेबाने बत्तीस. देखणा, लाडका. त्याच्यावर दोनशेहून अधिक वेगवेगळी चित्रं निघाली म्हणतात. काहींत बुद्धाच्या महानिर्वाणाच्या चित्रासारखा तो मधोमध निजलेला आणि भोवती सगळ्या वयाच्या बायका छाती पिटताहेत. शोक खरा आणि धंदाही खरा.

अशुभाचं म्हणाल, तर आपणही गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून दिवाणखान्यातच लावतो ना? यजमानांनी आवडीने आणलं होतं. लावा. फक्त देवघरातल्या समईची काजळी आणि धूर त्याच्यापासून लांब ठेवा. मला काळजी तेवढीच.

प्रश्न : माझ्याकडच्या चित्रावर नटाचं नाव नाही, कुठलीही खूण नाही. खोटं समजायचं का?
— इंदूर

उत्तर : लगेच नाही. १८४२ मध्ये सरकारने चैनीविरुद्ध मोहीम काढली आणि नट नि गणिका यांची चित्रं बंद केली. नाटकगृहंही शहराबाहेर असाकुसाकडे हलवली. पण मागणी थांबते का? नाव गाळून चेहरा ठेवला, की पाहणारे ओळखत. कुनियोशी नावाच्या चित्रकाराने तर १८४७ च्या सुमाराला कहरच केला. गोदामाच्या भिंतीवर पोरांनी खिळ्याने ओरखडे काढावेत तशी वाकडीतिकडी चित्रं छापली, आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे एकेक नट! मधोमध दोन पायांवर नाचणारं मांजर. सरकारने विचारलं तर, भिंत आहे हो साहेब. तुमच्या चित्राचा नुसता फोटो पाठवू नका, कडेला असलेले सगळे बारीक शिक्के जवळून काढून पाठवा. शिक्के नावापेक्षा जास्त बोलतात.

प्रश्न : चित्र लॅमिनेट करून घेतलं तर कायमचं टिकेल ना?
— मांजलपूर, वडोदरा

उत्तर : नाही. प्लास्टिक टिकेल.

याच दमात मला माझं एक पाप सांगून टाकायचं आहे, म्हणजे दांडिया बाजारच्या सूनबाईंना माझी भीती कळेल. मी तेव्हा नुकती कागदाच्या डागडुजीचं काम शिकून आले होते. युरोपातली जुनी छापील चित्रं पाण्याच्या थाळीत सोडून, धुऊन, सपाट करायची हे हाताला बसलं होतं. एका घरून सुरकुतलेलं जपानी चित्र आलं : नदीकाठी उभा नट, मागे फिकट निळं पाणी. मी थाळी भरली, चित्र सोडलं आणि टॉवेल आणायला वळले. परत पाहिलं तर नदी वाहून गेली होती. खरोखरच. निळा रंग थाळीत आणि नट कोरड्या कागदावर उभा. केन्याचा रस तो, पाणी लागलं की सुटतो. जपानी कापड रंगवणारे याच फुलाच्या शाईने आधी नक्षी आखतात, कारण ती धुतली की जाते. हे मला नंतर कळलं. मालकांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून, सूनबाई, कापूस नाही, लिंबू नाही, थुंकी लावलेला पदराचा कोपरा तर मुळीच नाही. तो कपाळावरचा जांभळा जितका उरला आहे तितकाच उरणार. करायचं ते एवढंच : चित्र पश्चिमेच्या खिडकीच्या उजेडातून काढून जिन्याजवळच्या अंधाऱ्या भिंतीवर न्या. पाठीमागे जो प्लायवूडचा तुकडा आहे तो आम्ल सोडतो आणि कागद पिवळा करतो. खालच्या कोपऱ्यात कसर लागल्याची खूणही दिसली. येत्या शनिवारी फ्रेम घेऊन या. खिळे मी काढीन, मागे आम्लरहित पुठ्ठा घालू, आणि फाटलेल्या कोपऱ्याला पातळ जपानी कागद खळीने लावू. मैद्याची नाही हं, गव्हाच्या सत्त्वाची खळ, ती माझ्याकडे शिजवलेली असेल. त्याच वेळी पाठही पाहून होईल.

नणंदबाईंनाही आणा. चष्मा विसरू नका म्हणावं. फ्रेमीच्या पट्टीखालचा तो जांभळा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घरातली राणी काही नट व्हायची नाही.